लहानूने ठोकलेलं सील

गावाचं नाव मी सांगणार नाही. माझी आत्या तिथे दिलेली आहे, आणि नाव फुटलं तर ती मला दारात उभं करायची नाही. तर त्या तालुक्याच्या गावात लहानू नावाचा एक भोळा जीव राहत होता. नाव लहानू, पण गडी असा ताडमाड की देवळात शिरताना घंटा हाताने वाजवायची गरजच नाही, कपाळानेच वाजायची. मन स्वच्छ आणि डोकं त्याहून स्वच्छ. आत काही साठून राहायचंच नाही.

पण सांगितलेलं काम तो अक्षरन् अक्षर करायचा. आई म्हणायची, भाकरी करपली की मला हाक मार. तर हा तव्यासमोर मांडी घालून बसायचा, भाकरी नीट करपू द्यायचा, आणि करपली की लगेच हाक मारायचा. आईने त्याला कधी आज्ञा मोडली म्हणून मारलं नाही. बाकी सगळ्यासाठी मारलं.

त्याचं लग्न ठरलं होतं आणि नव्हतंही. मुलगी मामाचीच, सगुणा. तिला लहानू मनापासून आवडायचा. का, ते तिलाच ठाऊक. तिचे वडील म्हणजे लहानूचे रंगनाथमामा. बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि प्रत्येक भांडं वाजवून घ्यायची सवय. जावईही वाजवून घेणार होते. ते म्हणाले, नोकरीत कायम झाल्याचा कागद दाखव, त्याच दिवशी सुपारी फोडतो. कागद नाही तर मुलगी नाही.

नोकरी कसली, तर सरकारी. त्या गावात शिकवणारे क्लास उदंड झाले होते. कोणी शिवण शिकवी, कोणी पार्लर, कोणी रखवालदारी. सरकार त्यांना पैसे देई, आणि ते खरंच शिकवतात की नुसता बोर्ड लावून बसलेत हे बघायला तिथे एक तपासणी कार्यालय होतं. कार्यालयात वाघचौरे साहेब होते. तपासनीसाची जागा मात्र कैक वर्षं रिकामी होती. साहेबांचे गुडघे दुखायचे आणि ऊन सोसायचं नाही. म्हणून त्यांनी लहानूला हंगामी शिपाई म्हणून घेतलं आणि तपासणीला पाठवायला लागले. चांगलं काम केलंस तर कायम करतो म्हणाले. साहेब मनाने वाईट नव्हते हो. माणसं ओळखण्यात जरा कच्चे होते.

पहिल्याच दिवशी साहेबांनी त्याला समोर उभं केलं. ताराबाईंच्या शिवण क्लासला जायचं. तिथे कशाला हात लावायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, कोपऱ्यात बसून काय काय होतं ते नीट बघायचं आणि येऊन सांगायचं.

"आलं ध्यानात," लहानू म्हणाला.

वाटेभर तो पुटपुटत गेला: हात नाही लावायचा, शब्द नाही काढायचा. क्लासमध्ये जाऊन कोपऱ्यात बसला. ताराबाईंनी चहा विचारला. हा गप्प. पोरींनी विचारलं, दादा, काय पाहिजे? हा गप्प. सरकारी माणूस गप्प बसला म्हटल्यावर ताराबाईंना घाम फुटला. त्या त्याच्यासाठी गरम भजी आणायला स्वतः बाहेर पळाल्या, आणि पोरी बाई कुठे गेल्या ते बघायला दारात गेल्या. गडबडीत एकीची इस्त्री पोलक्यावर तशीच राहिली.

पोलक्यातून धूर निघाला. लहानूने नीट बघितला. मग पोलकं पेटलं. तेही नीट बघितलं. मग टेबलावरची चादर, मग टेबल, मग भिंतीवरचं ब्लाउजच्या गळ्यांच्या चित्रांचं कॅलेंडर. बटवा गळा आधी जळला, पानगळा मागून. ताराबाई भजी घेऊन आल्या आणि किंचाळल्या. पोरींनी पाणी मारून आग विझवली. लहानूला फार बरं वाटलं, कारण पाणी मारतानाही तो कोणाच्या मध्ये आला नाही.

परत येऊन त्याने साहेबांना सलाम ठोकला. तपासणी चोख झाली म्हणाला, आणि काय कशानंतर जळलं ते क्रमाने सांगितलं. एकाही वस्तूला हात लावला नाही हेही आठवणीने सांगितलं.

साहेबांनी कपाळ धरलं. मग शांतपणे समजावलं, की बाबा रे, धूर दिसला की बघत नाही बसायचं. जवळ जे भांडं असेल ते उचलायचं, आत जे असेल ते धुरावर ओतायचं आणि तिथल्या माणसाला हाताला धरून ओढत बाहेर रस्त्यावर आणायचं. विचारत बसायचं नाही.

"आलं ध्यानात," लहानू म्हणाला.

पुढची तपासणी पार्लरच्या क्लासची. शर्मिलाताई नावाच्या बाई तो चालवायच्या. शिकणाऱ्या मुलींना सरावासाठी चेहरा लागतो, आणि फुकटात कोण चेहरा देणार? त्या दिवशी आपल्या रंगनाथमामांच्या बायकोने दिला होता. म्हणजे लहानूच्या मामीने. पुढच्या आठवड्यात तिच्या माहेरी लग्न होतं आणि तिला नटून जायचं होतं. मुलींनी तिच्यासमोर गरम पाण्याचं पातेलं ठेवलं, डोक्यावरून टॉवेल पांघरला आणि सांगितलं, मामी, दहा मिनिटं हलायचं नाही.

लहानू दारात आला. बघतो तर काय, एक बाई टॉवेलात गुंडाळलेली आणि टॉवेलातून धूर निघतोय. शिकणाऱ्या पोरी आजूबाजूला निवांत गप्पा मारतायत. पूर्वीचा लहानू असता तर बघत बसला असता. हा शिकून आलेला लहानू. जवळ एक घमेलं होतं. त्यात केसांना लावायची मेंदी भिजवलेली होती, रात्रभर मुरलेली, चांगली दाट. त्याने टॉवेल बाजूला करून ती जिथून धूर येत होता तिथे ओतली. म्हणजे मामीच्या तोंडावर. आणि मामी श्वास घ्यायच्या आत तिला ओढत भर बाजारात आणून उभी केली.

मेंदी अस्सल होती. मामीचं तोंड असं रंगलं की लग्नात नवरीचे हात कोणी बघितले नाहीत, सगळे हिच्याकडेच बघत होते. मामी घरी येऊन म्हणाली, या घरात एक तर तो जावई म्हणून येईल, नाही तर मी राहीन. सगुणा हळूच म्हणाली, पण आई, त्याने तुला वाचवलंच होतं की. मामीने तिच्याकडे नुसतं बघितलं. त्या रंगलेल्या तोंडाने बघितलं की फार भीती वाटायची म्हणे.

इकडे लहानू साहेबांपुढे उभा. तपासणी चोख झाली, एक बाई थोडक्यात वाचली. साहेबांपर्यंत बातमी आधीच पोचली होती. मग त्यांनी समजावलं, की वाफ आणि धूर यात फरक असतो. यापुढे तोंडावर काही पांघरून कोणी स्वस्थ पडलेलं दिसलं, तर समजायचं की त्याचा अभ्यास चाललाय. त्याला हलवायचं नाही. चपला काढून पाय न वाजवता मागे फिरायचं. कोणी येत-जात असेल त्यालाही हळू म्हणायचं, आणि जाताना दार ओढून घ्यायचं.

"आलं ध्यानात," लहानू म्हणाला. आणि खरंच आलं होतं. तेच तर दुखणं होतं.

आता रखवालदारीचा क्लास. राखण कशी करावी ते तिथे शिकवत. काठी कशी धरावी, शिट्टी कधी मारावी, डोळा कसा उघडा ठेवावा. लहानू दुपारी पोचला तेव्हा सगळा वर्ग आडवा झालेला. तोंडावर टोप्या, हाताखाली काठ्या. शिकवणारे उस्तादही भिंतीला टेकून रुमालाखाली गार. घोरण्याचा नुसता घाणा चालू होता. लहानूच्या मनात आलं, काय हा अभ्यास, एकाचंही लक्ष इकडेतिकडे नाही.

तो चपला हातात घेऊन मागे फिरला, तोच दाराशी एक टेंपो थांबला. त्यातून दोन माणसं उतरली. त्यांनी आत डोकावून बघितलं, मग लहानूकडे बघितलं. लहानूने ओठांवर बोट ठेवलं. मग तीही चपला काढून आत आली. किती समजूतदार माणसं, असं लहानूला वाटलं. त्यांनी खुर्च्या उचलल्या. पंखे उतरवले. एक पंखा जरा करकरला, तेव्हा लहानूनेच स्टुलावर चढून, म्हणजे त्याला स्टूल लागलंच नाही, नुसता हात वर करून तो अलगद काढून दिला. लोखंडी कपाट जड होतं. त्याचं एक टोक लहानूने धरलं. वर्गाचा अभ्यास मोडला नाही. टेंपो निघाला तेव्हा त्या माणसांनी त्याला मनापासून नमस्कार केला. लहानूने दार ओढून घेतलं.

साहेबांना त्याने सांगितलं की तपासणी चोख झाली, आणि बाहेरून आलेली दोन माणसं सरकारी नियम आतल्या लोकांपेक्षा जास्त पाळतात. साहेब खुर्चीतून उठले. गुडघे दुखत असताना उठले, यावरून काय ते समजा. आत्या म्हणते, त्यांचा आवाज पोस्टापर्यंत ऐकू आला.

ते म्हणाले की ते चोर होते. यापुढे क्लासमधली वस्तू कोणी बाहेर नेताना दिसला की सरळ त्याचा हात धरायचा. हाताशी येईल त्याने बांधून टाकायचा. चोर चोर म्हणून ओरडून बाजार गोळा करायचा. आणि तो काय सांगतो ते अजिबात ऐकायचं नाही, कारण प्रत्येक चोर हेच म्हणतो की वस्तू माझीच आहे.

"आलं ध्यानात," लहानू म्हणाला.

आता बघा, ताराबाईंच्या क्लासची फेरतपासणी निघाली. आग लागली होती ना, म्हणून. ताराबाईंनी सरकारला कळवलं होतं की आमच्याकडे प्रत्येक मुलीला एक मशीन आहे. मशीन होतं एकच, आणि त्याचाही पट्टा तुटका. पण अशा वेळी त्या गावची एक रीत होती. तपासणीच्या दिवशी घरोघरची मशीनं मागून आणायची, ओळीने मांडायची, तपासणी झाली की ज्याची त्याला पोचवायची. शेजारधर्म म्हणून कोणी नाही म्हणायचं नाही. लग्नात नाही का आपण एकमेकांची पातेली नेत, तसंच. रंगनाथमामांच्या घरूनही सगुणाचं मशीन गेलं होतं.

लहानू गेला. मशीनं मोजली, खूश झाला. ताराबाईंनी भजी पुढे केली, यावेळी आधीच आणून ठेवलेली. इतक्यात मागच्या दाराने रंगनाथमामा आले. तपासणी सकाळीच उरकली असेल असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी आपलं मशीन ओळखलं, उचललं आणि दाराकडे निघाले.

लहानूने त्यांचा हात धरला. जवळ मापाची टेप होती. तिने त्यांना मशीनलाच गच्च बांधलं आणि रस्त्यात जाऊन चोर चोर म्हणून असा ओरडला की बाजार पळत आला. कोणी वजनकाटा टाकून आलं, कोणी अर्धी दाढी घेऊन. मामा लालबुंद होऊन सांगत होते, अरे मूर्खा, मशीन माझं आहे. लहानूने गर्दीला सांगितलं, बघा, साहेब म्हणाले होते हा असंच म्हणेल.

शेवटी सगुणा आली. तिने मशीनचा खण उघडला आणि आतली आपली केसांची रिबीन सगळ्यांना दाखवली. ती म्हणाली, मशीन आमचंच आहे, तपासणीपुरतं दिलं होतं. झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, मग आमचंही द्या, मला संध्याकाळी फॉल लावायचाय. दुसरी म्हणाली, त्यातली दोन आमच्या जावेची. बघता बघता ओळ उठली, मशीनं घरोघर गेली आणि ताराबाई जळक्या टेबलाजवळ एकट्या उभ्या राहिल्या. तपासणी इतकी खोल कधी झाली नव्हती.

मामांनी टेप सोडवून घेतली आणि लहानूला म्हणाले, मुलगी आयुष्यभर घरी बसली तरी तुला देणार नाही. पण सगुणा त्यांच्यापुढे उभी राहिली. ती म्हणाली, "आबा, तुम्ही कागद दाखव म्हणाला होतात. आता कागद दाखवायच्या आधी शब्द फिरवता होय?" बाजार बघत होता. मामा भांडी खोटी विकतील एक वेळ, पण बाजारासमोर शब्द फिरवणार नाहीत. म्हणाले, बरं, कागद दाखव. त्यांना वाटलं, हा कसला कायम होतोय.

मशीनांची गोष्ट जिल्ह्यापर्यंत गेली. तिथून कळवलं की जिल्ह्याच्या अधिकारी निंबाळकर मॅडम स्वतः येणार. इतके दिवस हे तुम्हाला दिसलं कसं नाही, आणि तुमच्या तालुक्यात एकाही क्लासला सील का नाही, हे त्या विचारणार. वाघचौरे साहेबांना जेवण गोड लागेना. त्यांनी लहानूला बोलावलं, दार लावलं आणि त्याला स्टुलावर बसवलं. यावेळी चुकायला जागा म्हणून ठेवायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

ते म्हणाले, आज तू हिंडायचं आणि जो वाईटात वाईट असेल त्याला सील ठोकायचं. वाईट कसा ओळखायचा? बोर्ड लोंबत असेल. माठात पाणी नसेल. आगीसाठीच्या बादलीत वाळूऐवजी थुंकी असेल. हजेरीला सह्या असतील आणि खुर्च्या रिकाम्या असतील. हे सगळं एका जागी दिसलं की पुढचा विचार करायचा नाही. दार ओढायचं, कुलूप लावायचं, कुलपावर फडकं गुंडाळायचं, लाख वितळवून ओतायची आणि शिक्का मारायचा.

मग ते थांबले आणि लहानूच्या डोळ्यांत बघून सावकाश म्हणाले, "आतून कोणी ओरडेल. ओळख सांगेल. कोणी म्हणेल मी मंत्र्याचा मेव्हणा, कोणी म्हणेल मी तुझ्या घरचा. ऐकायचं नाही. सील मोडणं गुन्हा आहे. मी स्वतः बाहेर उभा राहून माझ्या हाताने काढीन तेव्हाच ते निघेल. आणि आतला कागदाचा कपटासुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही. एवढं केलंस की आजच्या आज तू कायम. तुझ्या मामांनाही बोलावून घेतो, त्यांच्यादेखत सही करतो."

"आलं ध्यानात," लहानू म्हणाला.

कुलूप, लाख, मेणबत्ती आणि शिक्का पिशवीत घालून तो निघाला. आधी ताराबाईंकडे गेला. पण बाईंनी बाजारात शोभा झाल्यापासून कानाला खडा लावला होता. एकच मशीन, पण पट्टा नवा. मुली थोड्या, पण सगळ्या हजर. माठ काठोकाठ. त्यांनी लहानूला पाणी दिलं आणि रडवेल्या होऊन म्हणाल्या, आता खरंच शिकवते. सील ठोकण्यासारखं काहीच नव्हतं. मग तो रखवालदारीच्या क्लासला गेला. तिथे सगळे टक्क जागे होते, कारण टेकायला आता काही उरलंच नव्हतं. पार्लरच्या क्लासमध्ये त्याला आत घेतलं नाही. घमेली आधी कपाटात ठेवली आणि मग खिडकीतून बघू दिलं. तिथेही सगळं जागच्या जागी.

दुपार कलली. लहानू पिशवी छातीशी धरून रस्त्याच्या कडेला बसला. सील नाही तर कागद नाही. कागद नाही तर सगुणा नाही. एवढं मात्र त्याला स्पष्ट कळत होतं, आणि म्हणून त्याला रडू आलं. भोळ्या माणसाला रडू आलं की ते मोठं येतं. मग नाक पुसून तो कार्यालयाकडे परत निघाला.

आणि फाटकाशीच थबकला. समोर एक बोर्ड एका खिळ्यावर लोंबत होता. इतके दिवस तो रोज त्याच्याखालून वाकून जायचा, पण बघ असं कोणी सांगितलं नव्हतं. तो व्हरांड्यात आला. माठात हात घातला, तर आत कोळ्याने घर केलेलं. लाल बादलीत डोकावला, तर पान खाणाऱ्यांची कैक वर्षांची रांगोळी. टेबलावर हजेरी उघडी होती, तिच्यावर कार्यालयातल्या दोन कारकुनांच्या ताज्या सह्या, आणि दोन्ही खुर्च्यांवर नुसते टांगलेले कोट. कारकून सकाळीच सह्या करून एका वऱ्हाडाबरोबर गेले होते.

लहानूने आनंदाने पिशवी उघडली. सापडला.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत तीन माणसं होती. निंबाळकर मॅडम, वाघचौरे साहेब आणि रंगनाथमामा. मॅडम ताडताड बोलत होत्या, की या तालुक्यात तपासणी होते यावर माझा विश्वास नाही, मला एक तरी सील दाखवा. साहेब घाम पुसत म्हणाले, माझा माणूस गेलाय, एवढ्यात दाखवतो. आणि गेलेल्या माणसावर आपला किती भरवसा आहे हे दिसावं म्हणून त्यांनी मॅडमसमोरच लहानूच्या कायम होण्याच्या कागदावर सही केली, शिक्का मारला आणि तो मामांच्या हातात दिला. मामांनी तो उलटसुलट करून बघितला. सही खरी होती. त्यांनी सुस्कारा टाकला. शेवटी भाचाच, असं मनात म्हणाले.

तेवढ्यात दार लागलं. बाहेर कुलपाचं खुट्ट झालं.

लहानूने फडकं गुंडाळलं आणि मेणबत्ती पेटवली. तिला जरासा धूर आला. धूर दिसल्याबरोबर त्याने शेजारच्या टपरीवरची बादली आणून ओतली. पुन्हा पेटवली, पुन्हा धूर, पुन्हा बादली. मग त्याने युक्ती काढली. डोळे घट्ट मिटून पेटवली. धूर दिसला नाही. लाख वितळली, थोडी कुलपावर पडली, थोडी पायावर. शिक्का झकास उठला.

आतून दारावर धक्के बसायला लागले. बाईमाणसाचा आवाज आला, मी जिल्ह्याची अधिकारी आहे. लहानूने मान डोलावली. साहेब म्हणाले होतेच, मोठमोठ्या ओळखी सांगतील. मग खिडकीच्या गजांमागे वाघचौरे साहेबांचं तोंड आलं. लहानूने सलाम ठोकला आणि सांगितलं की तपासणी चोख झाली, सगळ्यात वाईट जागा सापडली.

"लहानू, सील काढ," साहेब दात आवळून म्हणाले.

"मी कसं काढणार, साहेब? ते तुम्ही बाहेर उभं राहून काढायचं. या बाहेर."

"बाहेर कसा येऊ?"

"दाराने."

"दाराला सील आहे ना, गाढवा."

लहानू विचारात पडला. "मग नकाच येऊ साहेब. सील मोडलंत तर गुन्हा होईल तुमच्यावर."

साहेब खिडकीखाली बसले. मॅडमही बसल्या असाव्यात, कारण खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

तेव्हा रंगनाथमामांना वाटलं, हे आपल्या घरचं प्रकरण आहे, आपणच गोडीगुलाबीने मिटवू. ते खिडकीशी आले. त्यांनी गजातून हात बाहेर काढला, हातात तो सहीशिक्क्याचा कागद, आणि जन्मात पहिल्यांदा लहानूशी मायेने बोलले. म्हणाले, "जावईबापू, हा बघा तुमचा कागद. तुम्ही कायम झालात. हा घ्या आणि दार उघडा."

लहानूने बघितलं. सील लागलेली जागा. आतला कागद. बाहेर चाललेला.

त्याने झडप घालून मामांचा हात धरला. कमरेचा पंचा सोडला आणि हात गजाला गच्च बांधला. मग रस्त्यात जाऊन चोर चोर म्हणून असा ओरडला की अख्खा बाजार पुन्हा पळत आला. सगुणाही आली. ती धापा टाकत खिडकीपाशी गेली आणि आबांच्या मुठीतला कागद तिथेच वाचायला लागली.

"लहानू, हा कागद माझा नाही रे, तुझाच आहे, तुझाच," मामा आतून रडकुंडीला येऊन ओरडत होते.

लहानूने गर्दीकडे बघून कीव आल्यासारखी मान हलवली. मग गाठ ओढून बघितली, कागद मामांच्या मुठीत नीट दाबून मूठ गजाआड सारली, आणि त्यांच्या कानाशी जाऊन समजुतीच्या सुरात म्हणाला, "मामा, निदान आज तरी चोरी करायची नव्हती. आज साहेब मला कायम करणार आहेत."